अपवाद

सहकारनगरला, आमच्या सोसायटीत,
तुळस कुणा एकाची नव्हती.
पाण्याच्या टाकीशेजारी सिमेंटचा चौथरा,
एका कोपऱ्याला आतल्या विटा दिसायला लागलेल्या,
आणि पुढ्यात पळसुल्यांची पाटी.
पत्र्यावर, काळ्या रंगात, वळणदार:

"पाने नखाने खुडू नयेत.
द्वादशीस मुळीच नाही.
सूर्यास्तानंतर हात लावू नये.
ही तुळस आहे, सर्दीचे औषध नव्हे."

मी वीस वर्षं सेक्रेटरी.
पाणीपट्टी, लिफ्टचं कंत्राट, गळक्या गच्चीचे ठराव.
देव मी कधी विषयपत्रिकेवर घेतला नाही.
हिचं मात्र रोजचं: ओल्या केसांनी खाली,
तांब्याभर पाणी, आणि अर्धीच प्रदक्षिणा,
कारण मागे सबनीसांची स्कूटर.
मी म्हणायचो, ही तर शंकराची झाली.
"चालतं तिला," ती म्हणायची,
"अर्धवटाची सवय आहे."

एकदाच नीट बोलली, निऱ्या सावरत:
"वृंदेला देवानंच फसवलं. तिनं शाप दिला, दगड हो.
तो झाला.
आणि दर कार्तिकात त्याच दगडाशी
आपण तिचं लग्न लावतो, ऊस उभे करून.
तिला कुणी विचारलंय?
म्हणून मी आधी पाणी घालते.
नमस्कार नंतर."

मग हॉस्पिटलनं घरी न्या म्हटलं.
रात्री पावणेदोन वाजता मेहुणीनं गंगेचा गडू फोडला
आणि माझ्याकडे पाहिलं.
पान नव्हतं.

तीन मजले उतरलो, अनवाणी.
लिफ्ट होती, सुचली नाही.
अंधारात हात घातला. मंजिऱ्या बोटांना खरखरल्या.
वास आधी आला, पान नंतर.
नखानेच खुडलं.
वर पाहिलं तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत
पळसुले उभे, अंगात बंडी, हातात पाण्याचं भांडं.
कुणीच काही म्हटलं नाही.

हिनं ते गिळलं की नाही, ठाऊक नाही.
ओठाला थोडं हिरवं लागलं होतं.

तेराव्यानंतर खाली गेलो
तेव्हा पाटीवर एक ओळ वाढलेली.
रंग नवा, अक्षर थरथरलेलं:
"अपवाद: शेवटचे पान. कोणत्याही वेळी."

ठरावाशिवाय झालेला बदल.
मी इतिवृत्तात नोंदवला नाही.

यंदा इमारत पाडायला दिली.
करारनाम्यात कार्पेट, पार्किंग, तीन वर्षांचं भाडं.
बिल्डरच्या पुस्तिकेत ग्रॅनाइटचं वृंदावन,
बटणावर लागणाऱ्या पणतीसकट.
सह्या करताना पळसुले पुटपुटले, "ठेवलं घरावर तुळशीपत्र,"
आणि खरंच ठेवलं, खिशातून काढून,
कराराच्या शेवटच्या पानावर.
वकील बघत राहिला.
त्याला वाटलं, काहीतरी सांडलं.

तुळस वॉचमनच्या अनसूयाबाईंनी नेली,
मातीच्या गोळ्यासकट, पोत्यात गुंडाळून, बसने.
कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही म्हणे.
पळसुले मुलाकडे बंगळूरला गेले.
माझ्याकडे राहिल्या पाकीटभर मंजिऱ्या
आणि पाटी.

धायरीच्या भाड्याच्या घरात, रंगाच्या डब्यात
बी टाकलं त्याला अठरा दिवस झाले.
आज दिवेलागणीला पाहिलं,
सहा-सात हिरवे ठिपके.
तुळस आहे की नुसतं तण, सांगता येत नाही.
एक पान चुरगळून हुंगलं तर कळेल.

बोटं पुढे गेली.
लांब सिंहगडावर मनोऱ्याचा लाल दिवा लुकलुकतोय.
पाटी डब्याला टेकवून ठेवलीय.
अपवाद पुन्हा वाचला.
तो हा नव्हे.

सकाळपर्यंत थांबतो.